तिखट आणि पथ्य: चीनमधील मिरचीच्या नावांविषयी काही विचार

पथ्यपाण्याचा आणि दीर्घायुष्याचा उपदेश करणाऱ्या ग्रंथात मिरचीचे नाव आलेच, तर ते वर्ज्य पदार्थांच्या यादीत यावे, अशी आपली सहज समजूत असते. चीनमध्ये मिरचीचा जो पहिला लिखित उल्लेख आजवर उपलब्ध झाला आहे, तो नेमका अशाच एका ग्रंथात आहे. परंतु तेथे ती वर्ज्यही नाही आणि विहितही नाही, कारण तेथे ती खाण्याची वस्तूच नाही. हांग्चौ येथील गाओ ल्येन या नाटककाराने इ. स. १५९१ मध्ये ‘त्सुन्शंग बाच्येन’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘जीवनाच्या जतनाविषयी आठ लेख’ असा त्याच्या नावाचा अर्थ करता येईल. गाओ लहानपणापासून प्रकृतीने अशक्त होता. त्यात डोळ्यांचा विकार. स्वतःसाठी उपचार शोधता शोधता त्याच्यापाशी औषधांचा आणि आहारविहाराच्या नियमांचा जो संग्रह झाला, त्यातूनच हा ग्रंथ उभा राहिला. आठ लेखांपैकी एक संपूर्ण लेख खाण्यापिण्याला वाहिलेला आहे. पेजेचे प्रकार, भाज्या, मद्ये, मिठाया यांच्या कृती त्यात तपशिलाने दिल्या आहेत. मिरची तेथे नाही. ती आहे निवांत वेळेच्या रसिक आस्वादाविषयीच्या लेखात, चार ऋतूंतील फुलझाडांच्या वर्णनात. झुडूप, पांढरी फुले, झिजलेल्या कुंचल्याच्या टोकासारखे फळ, रंग लाल, चव तिखट आणि दिसण्यास फार सुंदर, एवढीच तिची नोंद. चव तिखट असल्याचे ज्याअर्थी त्याने लिहिले, त्याअर्थी कोणी तरी ती चाखली होती हे उघड आहे. पण चाखणे वेगळे आणि जेवणात घेणे वेगळे.

बागेतील हे शोभेचे झाड शेदोनशे वर्षांत नैर्ऋत्य चीनच्या गोरगरिबांच्या ताटात कसे आले आणि तेथून आजच्या उपाहारगृहातील तेलाने तवंगलेल्या लालभडक वाडग्यापर्यंत कसे पोचले, हा इतिहास अलीकडे बराच अभ्यासला गेला आहे. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाभ्यासाचा असल्यामुळे त्याने येथे मुख्यतः नावांची साक्ष काढली आहे. गरिबाच्या ताटात काय होते हे ग्रंथकार सहसा लिहून ठेवीत नाहीत. परंतु पदार्थाला नाव द्यावेच लागते, आणि ते देणारा पुष्कळदा गरीबच असतो.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त अगदी घरगुती म्हणावे असे होते. एका परिषदेसाठी चेंग्दूला जाण्याचा योग आला असता तेथील एका स्नेह्यांनी रात्रीच्या जेवणाचे निमंत्रण दिले. हे गृहस्थ सिचुआनी बोलीचे अभ्यासक. वयाने माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे, आणि रक्तदाबाच्या बाबतीत माझे ज्येष्ठ बंधू शोभावेत असे. मला डॉक्टरांनी मीठ कमी करण्याची ताकीद देऊन तेव्हा तीन महिने झाले होते. त्यांना तीन वर्षे झाली होती. चेंग्दूला येऊन तिखट न खाता परतणे अपमानास्पद आणि खाऊन परतणे धोक्याचे, अशा पेचात मी होतो. तो त्यांनी हसण्यावारी नेला आणि म्हणाले की तिखटाने बिघडत नाही, तिखटाच्या सोबत जे येते त्याने बिघडते. त्या वेळी मला हे बोलणे यजमानाच्या सौजन्यापैकी वाटले. पुढे वाचीत गेलो तेव्हा त्यात इतिहास आहे असे ध्यानात आले.

प्रथम शब्दांकडे वळू. चिनी भाषेत ‘ज्याओ’ हे नाव मुळात मिरचीचे नव्हे, मिऱ्याचेही नव्हे. ते तेथील देशी झाडाच्या सुगंधी फळाचे. त्याला आज ‘ह्वाज्याओ’, म्हणजे फुलाचे ज्याओ, असे म्हणतात. चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात त्याचे घोस भरभराटीचे प्रतीक म्हणून आले आहेत, आणि हान काळात राणीच्या महालाच्या भिंतींना ज्याओ कालवलेला गिलावा देत, त्यावरून त्या महालाला ‘ज्याओफांग’ असे नावच पडले. हे फळ जिभेवर ठेवले की आधी लिंबासारखा वास येतो आणि मग ओठांना झिणझिण्या येऊन जीभ बधिर होते. चेंग्दूच्या त्या जेवणात पहिल्याच घासाला मला ते ओळखीचे वाटले. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत जे तिरफळ घालतात, ते याच कुळातले, झँथोझायलम या एकाच प्रजातीतले. आपल्याकडे ते किनाऱ्यावरच्या माशांपुरते राहिले. सिचुआनमध्ये त्याने साऱ्या स्वयंपाकावर राज्य केले. त्या झिणझिण्यांसाठी चिनी भाषेत ‘मा’ असा स्वतंत्र शब्द आहे. मराठीत तिरफळ असूनही त्याच्या परिणामाला वेगळे नाव नाही, ही आपल्या कोशातील एक उणीवच म्हणावी लागेल. लंडन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ही झिणझिण सेकंदास सुमारे ५० कंपनांच्या स्पर्शासारखी जाणवते असे दाखवून दिले. म्हणजे ‘मा’ ही चव नसून स्पर्श आहे, आणि चिनी भाषेने तिला चवींच्या जुन्या यादीबाहेर ठेवले ते योग्यच केले.

या ज्याओच्या नावावर पुढे परक्या वस्तू स्वार झाल्या. भारतातून आणि पलीकडच्या बेटांतून मिरी आली, ती ‘हूज्याओ’ झाली. ‘हू’ म्हणजे उत्तरेकडचे व पश्चिमेकडचे परके लोक. थांग काळात ही वस्तू इतकी मोलाची होती की इ. स. ७७७ मध्ये देहान्त शासन झालेल्या य्वान त्साय या मंत्र्याच्या घराच्या झडतीत धान्य मोजण्याच्या मोठ्या मापाने ८०० मापे मिरी सापडल्याची नोंद राजवंशाच्या इतिहासात झाली. पुढे सोळाव्या शतकात अमेरिकेतील मिरची समुद्रमार्गाने आली, ती गाओ ल्येनच्या ग्रंथात ‘फानज्याओ’ आहे. ‘फान’ म्हणजेही परकेच, परंतु मुख्यतः दर्यावरून येणारे. परक्या वस्तूंना लागणाऱ्या या उपपदांचे थर चिनी भाषेत भूस्तरांसारखे एकावर एक बसले आहेत: खुष्कीच्या मार्गाने आलेल्या जुन्या वस्तूंना ‘हू’, सोंग-मिंग काळातील सागरी वस्तूंना ‘फान’ आणि छिंग काळात युरोपियनांकडून आलेल्या वस्तूंना ‘यांग’. अक्रोड ‘हू’चा, रताळे ‘फान’चे, कांदा ‘यांग’चा. मराठीत ‘विलायती’ हे एकच उपपद विलायती चिंचेपासून पुढे सर्वत्र वापरले जाते, त्यामुळे त्यावरून काळ ठरविता येत नाही. मात्र मिरचीच्या बाबतीत आपण केले तेच चिन्यांनी केले. मिरीवरून मिरची, ज्याओवरून फानज्याओ. आणि इंग्रजांनी तर मिरी आणि मिरची दोहोंना ‘पेपर’ म्हणून तेवढाही भेद ठेवला नाही.

आता खरी गंमत प्रांतोप्रांतीच्या नावांत आहे. गाओ ल्येनच्याच प्रदेशातील शान्यिन, म्हणजे आजचे शाओशिंग, येथील १६७१ च्या स्थलवर्णनात मिरचीचे नाव ‘लाछ्ये’, तिखट वांगे, असे येते आणि ती ज्याओच्या जागी चालते असे म्हटले आहे. मिरची व वांगे एकाच कुळातील आहेत हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी सांगण्यापूर्वी शान्यिनच्या शेतकऱ्यांनी पानाफुलांवरून ताडले होते, असे या नावावरून दिसते. सिचुआनमध्ये, दायी येथील १७४९ च्या स्थलवर्णनात ती ‘छिनज्याओ’ आणि ‘हायज्याओ’ अशा दोन नावांनी येते. ‘हाय’ म्हणजे समुद्र. ज्या प्रांतातून समुद्र शेकडो मैल दूर, तेथील लोक आजही मिरचीला समुद्राचे ज्याओ म्हणतात. हे नाव ज्यांनी आणले ते पूर्वेकडून आले असले पाहिजेत, आणि इतिहास त्याला दुजोरा देतो. मिंग राजवटीच्या अखेरच्या लढायांत व दंगलीत सिचुआन जवळजवळ ओसाड पडला. पुढील शतकभर हूनान, हूबेई, ग्वांगदोंग, च्यांगशी या प्रांतांतून लक्षावधी कुटुंबे तेथे वसविण्यात आली. आजचे सिचुआनी हे बव्हंशी या वसाहतकारांचे वंशज होत. त्यांच्या गाठोड्यांत मिरचीचे बी होते आणि तोंडी तिचे नाव होते.

परंतु मिरची रोजच्या जेवणात शिरल्याची सर्वांत बोलकी साक्ष सिचुआनची नाही. ती शेजारच्या ग्वेइचौची आहे. ग्वेइचौ हा डोंगराळ, पावसाळी आणि नापीक प्रांत. तेथे मिठाची खाण नाही, खारी विहीर नाही, समुद्रही नाही. मीठ सिचुआनमधून यावयाचे, ते डोंगरवाटांनी हमालांच्या पाठीवरून. त्यावर सरकारी मक्तेदारीचा कर. म्यावसारख्या डोंगरी जमातींना ते परवडणे कठीण होते. आपल्याकडे ‘अळणी’ हा शब्द बहुधा व्रताच्या किंवा पथ्याच्या संदर्भात येतो. ग्वेइचौमध्ये अळणी खाणे हे व्रत नव्हते, नशीब होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या प्रांताचा कारभार पाहणाऱ्या थ्येन वन याने लिहून ठेवले आहे की मिठाची टंचाई पडली की लोक त्याच्या जागी ‘गोऊज्याओ’ वापरतात, खारटाचे काम तिखटावर भागवितात. ‘गोऊज्याओ’ म्हणजे शब्दशः कुत्र्याचे ज्याओ. नावावरून ते देशी ज्याओचेच एखादे रानटी भावंड असावे. म्हणजे मिरची येण्यापूर्वीच तिची जागा तेथे तयार होती. १७२० च्या सुमारास सिद्ध झालेल्या स्चौ येथील स्थलवर्णनात त्या जागेवर मिरची बसलेली दिसते: नाव ‘हायज्याओ’, लोकांच्या तोंडी ‘लाहुओ’, तिखट आग, आणि स्थानिक म्याव लोक ती मिठाऐवजी वापरतात अशी नोंद. मिठाची टंचाई मिरचीच्या अशी पथ्यावर पडली. शान्यिनला जी ज्याओच्या जागी आली, ती ग्वेइचौला मिठाच्या जागी आली. पहिल्या ठिकाणी मसाल्याची अदलाबदल झाली, दुसऱ्या ठिकाणी गरजेची.

येथे एका प्रचलित समजुतीचा परामर्श घेतला पाहिजे. सिचुआन व ग्वेइचौ येथील हवा दमट आहे, अंगातील दमटपणा घालविण्यासाठी तेथील लोक तिखट खातात, असे चिनी मित्रही सांगतात आणि प्रवासवर्णनेही सांगतात. हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. हवा दमट होती ती मिरची येण्याच्या हजारो वर्षे आधीपासून. आणि ग्वांगदोंगची हवा त्याहून दमट व उष्ण असून तेथील स्वयंपाक अगदी सौम्य आहे. दमटपणाची उपपत्ती ही सवय जडल्यावर तिला दिलेले वैद्यकीय समर्थन असावे. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की सिचुआनच्या लोकांची तिखट व सुवासिक चवीची आवड जुनी आहे. चौथ्या शतकातील छांग छ्यूच्या इतिहासात त्या आवडीचा स्पष्ट निर्देश आहे. तेव्हाचे तिखट म्हणजे आले, ह्वाज्याओ आणि ‘चूयू’ नावाचे आणखी एक झोंबरे फळ. मिरचीने त्यांतील चूयूला स्वयंपाकघरातून जवळजवळ हद्दपार केले, ह्वाज्याओशी मात्र तिने सख्य केले. त्या सख्याचे नाव ‘माला’, बधिर आणि तिखट.

आता ग्वेइचौ आणि सिचुआन यांतील जो भेद या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा, त्याकडे येतो. सिचुआनला मिठाची वाण नव्हती. झिगोंगच्या खाऱ्या विहिरी प्रसिद्धच आहेत. तेथील एक विहीर बांबूच्या दोरांनी व लोखंडी पहारींनी खोदत १८३५ मध्ये १००० मीटरच्या खाली नेण्यात आली होती. त्यामुळे सिचुआनमध्ये मिरची मिठाऐवजी नव्हे, मिठासह नांदू लागली. मिरची, वाल जातीचे मोठे दाणे आणि भरपूर मीठ एकत्र करून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, मुरवत ठेवायचे, हा चेंग्दूजवळच्या पीश्येन येथील लाल मसाला. त्याला सिचुआनी स्वयंपाकाचा आत्मा म्हणतात. त्या आत्म्याची प्रकृती अत्यंत खारट आहे. मराठीत ‘तिखटमीठ’ असा समासच झाला आहे. पुऱ्या तिखटमिठाच्या असतात आणि गोष्टही तिखटमीठ लावून सांगतात. आपल्याला हे दोन रस एकमेकांवाचून सुचत नाहीत. सिचुआनचेही तसेच झाले. ग्वेइचौचे जुने तिखट मात्र मिठाशिवायचे होते.

चेंग्दूच्या टेबलावर आलेल्या ‘मापो टोफू’ या पदार्थात हा सारा इतिहास एका वाडग्यात पाहावयास मिळाला. १८६२ च्या सुमारास चेंग्दूच्या उत्तरेकडील वानफू पुलाजवळ छन आडनावाच्या कुटुंबाची खानावळ होती. तेथील देवीच्या व्रणांच्या चेहऱ्याच्या बाईंनी तेलाच्या हमालांसाठी तो प्रथम केला अशी परंपरा आहे, आणि त्यावरूनच त्याला ‘मापो’, वणाळ आजीबाई, हे नाव पडले. माझ्या स्नेह्यांनी चॉपस्टिकच्या टोकाने एकेक जिन्नस दाखवीत त्याची सिचुआनी नावे सांगितली. वर भुरभुरलेली पूड ह्वाज्याओची, ती देशी. लाल तिखट हायज्याओ, ते समुद्रावरून. मसाल्यातले दाणे ‘हूदौ’, हू लोकांचे कडधान्य, ते पश्चिमेकडून. टोफू आणि काळे मुरलेले सोयाबीन पुन्हा घरचे. एकाच पदार्थाच्या नावनिशीत व्यापारमार्गांचे इतके थर आढळण्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. येथे जाता जाता सांगावेसे वाटते की मुंबई-पुण्याच्या चायनीजच्या गाड्यांवर जिला ‘शेजवान’ म्हणतात ती चटणी याच प्रांताच्या नावावर विकली जाते. प्रांताच्या नावाचे जुने रोमन लेखन आपल्या लोकांनी जसे वाचले तसा हा शब्द झाला. त्या चटणीत लसूण आणि मिरची भरपूर असते. ह्वाज्याओ बहुधा नसते. नाव पोचले, बधिरपणा वाटेत राहिला.

वैद्यांचे मत काय होते, हे थोडक्यात पाहू. चिनी वैद्यकात अन्न आणि औषध यांत भिंत नाही. ‘चौली’ या प्राचीन ग्रंथात राजवाड्यातील वैद्यांमध्ये आहारवैद्याचे वेगळे पद आहे. सातव्या शतकातील सुन सिम्याओ याने आधी आहाराने उपचार करावा, तो न चालल्यासच औषधाकडे वळावे, असे प्रतिपादिले. रस पाच: आंबट, कडू, गोड, तिखट, खारट, आणि तिखटाचा संबंध फुप्फुसाशी. या तिखटाचे शास्त्रीय नाव ‘शिन’. लोकांच्या तोंडी मात्र ‘ला’ हा शब्द रूढ झाला, आणि त्या अक्षराच्या डाव्या अंगाला जुने ‘शिन’ आजही उभे आहे. आपल्याकडे अशीच पण अधिक गुंतागुंतीची उलथापालथ झाली आहे. आयुर्वेदातील ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. ‘कटु’पासून आलेला मराठी ‘कडू’ नेमका उलट्या बाजूस गेला आणि त्याची रिकामी जागा ‘तीक्ष्ण’ या शब्दाच्या वंशातील ‘तिखट’ने घेतली. आयुर्वेदाचा मूळ ग्रंथ वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने हे ध्यानात न ठेवल्यास तो मिऱ्याला कारल्याचे गुण चिकटवील.

ली शिचनच्या १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रख्यात निघंटूत मिरची नाही. ती उणीव चाओ श्वेमिनने १७६५ च्या आपल्या पुरवणीत भरून काढली. त्याच्या मते मिरची पोट ऊबदार ठेवते, थंडी हटविते, तिच्या काढ्याने धुतल्यास हिवाळ्यातील हातापायांची सूज उतरते; मात्र अति खाल्ल्यास आतली आग चाळवते व चक्कर येते, असा इशाराही त्याने नोंदविला आहे. हीच आग लोकभाषेत ‘शांगहुओ’, आग वर चढणे, या शब्दाने व्यक्त होते. आपण ज्याला ‘उष्ण पडणे’ म्हणतो त्याचा तो सख्खा भाऊ. १८४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या वू छीज्युनच्या वनस्पतिग्रंथात मिरची सर्वत्र आढळते आणि च्यांगशी, हूनान, ग्वेइचौ व सिचुआन येथे ती भाजी म्हणून लावतात, असे सांगितले आहे. गाओ ल्येनचे शोभेचे झाड अडीचशे वर्षांत भाजीच्या वाफ्यात आले होते.

आधुनिक विज्ञानाने तिखटाला चवींच्या यादीतून काढूनच टाकले. मिरचीतील द्रव्य शरीरातील ज्या ग्राहीवर काम करते, तो १९९७ मध्ये ओळखला गेला. त्या संशोधनाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हाच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेलाही जागा होतो. तेव्हा स्चौच्या लोकांनी दिलेले ‘तिखट आग’ हे नाव अलंकारिक नव्हते, शब्दशः खरे होते. आरोग्याविषयीचे पुरावे इतके निःसंदिग्ध नाहीत. चीनमधील दहा प्रदेशांत ३० ते ७९ वर्षे वयाच्या ४,८७,३७५ व्यक्तींच्या पाहणीतून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आठवड्यातून सहासात दिवस तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचे सापेक्ष प्रमाण क्वचित खाणाऱ्यांच्या मानाने १४ टक्क्यांनी कमी होते. मद्य न घेणाऱ्यांत हा संबंध अधिक ठळक होता. ही केवळ पाहणी होय, प्रयोग नव्हे. तिखट खाणाऱ्यांचे इतर जीवन कसे होते हा प्रश्न उरतोच. म्हणून तिच्यावरून मिरचीला संजीवनी ठरविणे हे शास्त्राच्या नावाने तिखटमीठ लावणे होईल.

मला स्वतःला त्याहून महत्त्वाची वाटली ती २०१७ मध्ये चोंगछिंगच्या वैद्यकीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेली लहान पाहणी. ६०६ प्रौढ व्यक्तींपैकी ज्यांना तिखटाची आवड अधिक, ते मीठ कमी खात होते आणि त्यांचा वरचा रक्तदाब तिखटाची आवड कमी असलेल्यांहून सरासरीने ८ अंकांनी कमी होता. मेंदूच्या चित्रणात असे दिसले की तिखट आणि खारट या दोन्ही संवेदनांना प्रतिसाद देणारे भाग बऱ्याच अंशी एकच आहेत. तिखट तोंडात असले की थोडे मीठही अधिक खारट भासते. ग्वेइचौच्या डोंगरात ‘खारटाचे काम तिखटावर’ भागविणाऱ्यांना हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. तीनशे वर्षांपूर्वी जी दारिद्र्याची युक्ती होती, ती आज रक्तदाबाच्या रोग्याला उपयोगी ठरावी, हा इतिहासाचा एक चमत्कारिक व्यवहार आहे. चीनमध्ये घरगुती स्वयंपाकातील मिठाचे सरासरी प्रमाण दरमाणशी दररोज ९.३ ग्रॅम असल्याचे तेथील २०२० च्या सरकारी अहवालात नमूद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा ५ ग्रॅमची. ग्वेइचौची युक्ती आणि पीश्येनचा मसाला या दोन परंपरांपैकी दुसरी जिंकली, हेच त्या आकड्याचे तात्पर्य.

ती जिंकण्याचे कारणही एका शब्दात दडलेले आहे, आणि तो शब्द मला त्या रात्री स्नेह्यांनीच दिला: ‘श्याफान’. ‘श्या’ म्हणजे खाली उतरविणे, ‘फान’ म्हणजे शिजविलेला भात. जो पदार्थ थोडासा तोंडात घेतला असता पुष्कळसा भात सहज घशाखाली उतरतो, तो श्याफान. इंग्रजीत याचे भाषांतर करताना विद्वानांची फार तारांबळ होते. मराठी माणसाला काही कष्ट नाहीत, कारण आपल्यापाशी ‘तोंडी लावणे’ आहे. चिनी जेवणाची जुनी घडण ‘फान’ आणि ‘त्साय’, मुख्य अन्न आणि त्याच्या सोबतीचे पदार्थ, अशा दोन भागांची आहे, आणि गरिबाच्या घरी त्साय हे तोंडी लावण्यापुरतेच असे. मिरची तेथे आली ती तोंडी लावणे म्हणून. आपल्याकडचा ठेचा भाकरीशी ज्या नात्याने येतो त्या नात्याने. ठेचा कोणी वाडगाभर खात नाही. उपाहारगृहात मात्र प्रमाण उलटले. भात शेवटी, तोही नावापुरता. आणि जे चिमूटभर घ्यायचे ते परातभर. तोंडी लावणे हेच जेवण झाले आणि जेवण तोंडी लावण्यापुरते उरले. तिखटाच्या सोबत जे येते त्याने बिघडते, या यजमानांच्या बोलण्याचा अर्थ मला येथे उलगडला. मिरची तीच आहे. तिच्याबरोबर पोटात जाणारे तेल आणि मीठ मात्र अनेक पटींनी वाढले आहे.

त्यांनी त्या रात्री मागविलेल्या पदार्थांची मांडणी आता आठवली की ती सहज केलेली नव्हती असे वाटते. दोघांसाठी मापो टोफूचा एकच वाडगा, आणि तोही मागविताना त्यांनी वाढप्याला ‘कमी तेल, कमी मीठ’ असे बजावले होते. हे शब्द तेथे इतके रूढ आहेत की वाढप्याने मान वरदेखील केली नाही. त्याच्या जोडीला निवळ रश्शातील कोबी. हाही सिचुआनचाच मानाचा पदार्थ, आणि त्यात तिखटाचा लवलेश नसतो. या प्रांतात सारे काही तिखटजाळ असते ही बाहेरच्यांची समजूत आहे. तेथील जुन्या मेजवान्यांत सौम्य पदार्थांनाच मान असे. एक हिरवी पालेभाजी, नुसती परतलेली. शेवटी मुगाचे पातळ पेय, आग खाली उतरविण्यासाठी. मूग थंड, हे चेंग्दूच्या आजीबाईंनाही ठाऊक आहे आणि आपल्याही. आणि भात मात्र जेवणाच्या आरंभीच आणवून घेतला, वाढप्याच्या नापसंतीला न जुमानता. टोफूचा एक तुकडा, भाताचे चार घास, या हिशेबाने आम्ही दोन तास बोलत बसलो. कपाळावर घाम आला, ओठ बधिर झाले, आणि मीठ कमी आहे असे मला एकदाही जाणवले नाही.

उठलो तेव्हा वाडग्यात निम्मा टोफू शिल्लक होता. स्नेह्यांनी तो कागदी डब्यात भरून घेतला. त्यांच्या घरी सकाळी पेज असते, असे ते म्हणाले. तिच्याबरोबर दोघांना तोंडी लावायला तो पुरेल.